सप्तमी फलाटावर उभी आहे

आमच्या गल्लीत सकाळी आधी कोंबडा आरवायचा आणि मग कंट्रोलरकाका.

मी सोनपेठला बी.एस्सी.च्या पहिल्या वर्षाला प्रवेश घेतला आणि काकांच्या घरामागच्या खोलीत राहायला आले. पहिल्याच सकाळी दचकून उठले. बाहेर ओट्यावर कुणीतरी खणखणीत आणि थोडंसं नाकात बोलत होतं. "प्रवाशांनी लक्ष द्यावे. आज आषाढ वद्य तृतीया, दुपारी एक वाजून दहा मिनिटांपर्यंत. त्यानंतर चतुर्थी लागेल. नक्षत्र शततारका. आज संकष्टी आहे. उपासवाल्यांनी चहाबरोबर बटर खाऊ नये."

मी दार किलकिलं करून पाहिलं. पांढरा सदरा, पायजमा, डोळ्यांवर जाड चष्मा आणि हातात उघडं पंचांग धरून एक उंच म्हातारे गृहस्थ उभे होते. समोरच्या दारातली बाई चहात बुडवलेलं बेकरीचं बटर हातात धरून तशीच थांबली होती.

"काका, आज तर तृतीया म्हणलात की. मग संकष्टी कशी?"

"संकष्टी मुक्कामी गाडी हाय, शांताबाई. तिला सकाळचं स्टँड लागत न्हाई. चंद्र उगवताना चतुर्थी हजर पाहिजे, बास. ती आज राहती, उद्या न्हाई. बटर ठिवा खाली."

शांताबाईंनी बटर खाली ठेवलं. मग काकांचं लक्ष माझ्याकडे गेलं. "तू नवी पाव्हणी ना? काय शिकायलीस?"

"बी.एस्सी.," मी म्हणाले. आमच्या घरात कॉलेजला जाणारी मी पहिलीच, त्यामुळे कॉलेजचं नाव घेतानासुद्धा आपण काहीतरी खोटं बोलतोय असं मला त्या काळात वाटायचं.

"बराबर," काका म्हणाले. "मग तुला हे समजंल. हितं समदे नुसते उपासाला येतेत."

त्या दिवसापासून माझं नाव बीएस्सी पडलं. खरं नाव त्यांना माहीत होतं की नाही, मला अजून खात्री नाही.

काका एसटीत कंट्रोलर होते. सोनपेठच्या स्टँडवर गाड्या कधी येतात, कधी सुटतात हे लिहायचं, भोंग्यातून पुकारायचं आणि चहाला बसलेल्या ड्रायव्हरांना उठवायचं, हे त्यांनी तीस वर्षं केलं. त्यांच्या केबिनमधलं गोल घड्याळ मुद्दाम पाच मिनिटं पुढं ठेवलेलं असे. "ड्रायव्हरच्या चहाला पाच मिनिटं लागतेत. ती घड्याळातूनच कापून घ्यायची," असं ते सांगायचे. निवृत्त झाल्यावर स्टाफनं केबिनसाठी नवं घड्याळ घेतलं आणि जुनं काकांना हार घालून दिलं. ते त्यांच्या बैठकीत देवांच्या फोटोशेजारी टांगलेलं होतं आणि अजूनही पाच मिनिटं पुढं चालायचं. काकू त्यावर भात लावायच्या नाहीत. "त्या घड्याळावर भात लावला की तळाशी कच्चा राहतो," म्हणायच्या.

काका पंचांग कुठल्या गुरुजींकडून शिकलेले नव्हते. ते स्टँडवर बसून, स्वतःच्या पद्धतीनं शिकले होते आणि ती पद्धत अर्थातच एसटीची होती.

"हे बघ बीएस्सी. सूर्योदय म्हणजे आपलं स्टँड. तिथी म्हणजे गाडी. सूर्य उगवताना जी तिथी फलाटाला उभी, तिचा तो दिवस. मग ती नंतर पाच मिनिटांत सुटली तरी चालतंय. रजिस्टरात तिचंच नाव."

"आणि एखादी सूर्य उगवल्यावर आली आणि दुसऱ्या दिवशी उगवायच्या आत गेली तर?"

काकांना हा प्रश्न इतका आवडला की त्यांनी काकूंना हाक मारून चहा सांगितला. "ती क्षय तिथी! गाडी रस्त्यावर धावली, पर आपल्या स्टँडला सकाळी कुणी बघितलीच न्हाई. आन जी दोन सूर्योदयांना उभीच राहिली, ती वृद्धी तिथी. एकच गाडी, दोन दिवस फलाटावर. तिकडं चंद्र बंद पडल्यावानी रेंगाळतो ना, तवा असं होतंय."

चंद्र का रेंगाळतो हे दाखवायला त्यांनी काकूंची परात मागून घेतली. परातीच्या काठावर एक लिंबू सूर्य म्हणून ठेवलं आणि एक शेंगदाणा चंद्र म्हणून. लिंबू दिवसाला एक अंश सरकवायचं, शेंगदाणा तेरा. दोघांत बारा अंशांचं अंतर पडलं की एक तिथी संपली. पण शेंगदाणा सारख्या वेगानं चालत नाही. पृथ्वीजवळ आला की पळतो, लांब गेला की दमतो. म्हणून एखादी तिथी वीस तासांतच आटपते आणि एखादी सव्वीस तास ताणते.

"नक्षत्र म्हणजे शेंगदाण्याचे सत्तावीस थांबे," काका म्हणाले. "करण म्हणजे हाफ तिकीट, अर्धी तिथी. वार तेवढा सरळ, तो कुणाचं ऐकत न्हाई, सातला सात. ऱ्हायला योग. त्यात लिंबू आन शेंगदाणा कुठवर आले त्याची बेरीज करायची असती. कामून करायची ते मला बी अजून नीट उमगलं न्हाई."

तेवढ्यात काकू आत आल्या, त्यांनी चंद्र उचलला आणि खाऊन टाकला. "परात द्या. कणीक भिजवायचीय."

"अगं, पौर्णिमेला चार अंश राहिले होते!"

"मग आज अमावस्या समजा," काकू म्हणाल्या आणि सूर्य पिळायला घेऊन गेल्या.

आमच्या कॉलेजात हे कुणी असं शिकवलं नाही. त्या रात्री मी खोलीतल्या वहीच्या मागच्या पानावर परात काढली आणि पहिल्यांदा मला वाटलं, मला हे जमेल.

नोकरीत असताना काका फळ्यावर गाड्यांच्या वेळा लिहायचे आणि सगळ्यात वर खडूनं तिथी. एकदा एक मोठे साहेब तपासणीला आले. फळा बघून म्हणाले, "हे मंदिर आहे की बसस्थानक?" काका शांतपणे म्हणाले, "साहेब, परवा चतुर्दशी हाय, श्रावणातला सोमवार बी हाय. परळीला दोन जादा गाड्या न्हाई दिल्या तर लोक टपावर बसतील. तारखेवर हे दिसत न्हाई, तिथीवर दिसतंय." साहेबांनी दोन गाड्या दिल्या. त्या भरून गेल्या. महिन्याभरानं साहेबांचा फोन आला. त्यांच्या मुलीचं लग्न ठरलं होतं. "कंट्रोलर, जरा तुमच्या फळ्यावर बघून सांगा." हे सांगताना काका साहेबांचा आवाज काढायचे आणि मग स्वतःच इतके हसायचे की त्यांना चष्मा पुसावा लागायचा.

गल्लीतल्या बायकांना काकांचा सगळ्यात मोठा उपयोग वाढदिवसासाठी होता. आमच्याकडच्या बहुतेकांचा जन्म एक जूनचा. शाळेत नाव घालताना मास्तर विचारायचे, जन्म कधीचा, आणि आई म्हणायची, पेरण्या आटपल्यावर कधीतरी. मास्तर एक जून लिहून मोकळे. काकांच्या स्टँडवर एक जूनला अर्ध्या स्टाफचा वाढदिवस असायचा. त्यात कागदोपत्री काकाही होते.

माझ्याही सगळ्या कागदांवर एक जून आहे. एकदा आई गावाहून भेटायला आली, तेव्हा काकांनी तिला विचारलं, "वैनी, ही झाली तवा काय चालू होतं घरी?"

आई लाजली. मग म्हणाली, "महालक्ष्म्या जेवल्या होत्या. ताटं उचलायच्या आत माझ्या पोटात कळ आली. सासूबाई म्हणल्या, आता हीच काय ती तिसरी महालक्ष्मी."

"महालक्ष्म्या जेवल्या म्हणजे चंद्र ज्येष्ठा नक्षत्रात," काका म्हणाले. माळ्यावर त्यांची जुन्या पंचांगांची चळत होती, एसटीच्या वेळापत्रकांबरोबरच बांधलेली. त्यांनी माझ्या सालचं पंचांग काढलं, बोट फिरवलं, आणि एका कागदावर तारीख, वार, तिथी लिहून आईच्या हातात दिली. आईला वाचता येत नाही. तिनं तो कागद घडी करून पर्समध्ये, देवीच्या फोटोमागे ठेवला. अजून तिथंच आहे. मला वाढदिवस मिळाला तो असा, एकोणिसाव्या वर्षी.

एकोणिसाव्या वर्षी! मी हे बोलून दाखवल्यावर काका एकदम खूश झाले. "माझा पहिला वाढदिवस बी एकोणिसाव्या वर्षीच झाला."

मला कळेना. काकूंनी खुलासा केला. "त्यांचा जन्म धोंड्याच्या महिन्यातला हाय. म्हणून तर नाव धोंडीराम."

काकांचा जन्म अधिक ज्येष्ठातला. शुद्ध सप्तमी. चंद्राचे बारा महिने सूर्याच्या वर्षापेक्षा अकरा दिवसांनी कमी भरतात. ते दिवस साठत साठत साधारण पावणेतीन वर्षांनी महिनाभर होतात आणि मग मध्ये एक महिना जादा सोडावा लागतो, गर्दी वाढली की जादा गाडी सोडतात तसा. ज्या चांद्रमहिन्यात सूर्य एका राशीतून दुसरीत जातच नाही, तो महिना जादा. पण जादा महिना दर वेळी ज्येष्ठच येईल असं नाही. कधी श्रावण येतो, कधी आश्विन, कधी चैत्र. ज्येष्ठाची पाळी कधी आठ वर्षांनी, कधी अकरा वर्षांनी आणि काकांच्या जन्मानंतर तर एकोणीस वर्षांनी आली.

"साध्या ज्येष्ठात करायचा की दरवर्षी," मी म्हणाले.

"साधी गाडी वेगळी, जादा गाडी वेगळी," काका म्हणाले. "माझ्या आईनं पहिल्यापासून सांगितलेलं. तू जादाचा हायस, तुझी गाडी आली की मीच ओवाळीन."

आईनं त्यांना दोनदा ओवाळलं, एकोणिसाव्या वर्षी आणि सत्ताविसाव्या वर्षी. तिसऱ्यापासून काकूंनी. सत्तावन्नाव्या वर्षी पाचवा झाला, तेव्हा स्टँडवर ड्रायव्हर-कंडक्टरांनी त्यांच्यासाठी पाच फुगे लावले होते आणि लहान पोराला देतात तशी प्लॅस्टिकची लाल एसटी भेट दिली होती. ती एसटी टीव्हीवर ठेवलेली होती.

मी तिसऱ्या वर्षाला गेले त्या साली अधिक ज्येष्ठ येणार होता. काकांचं वय पासष्ट. वाढदिवस सहावा. गल्लीत दिवाळीपासूनच चर्चा सुरू झाली. त्यात आणखी एक गोष्ट होती, जी चर्चेत कुणी मोठ्यानं काढत नव्हतं. काकूंचे गुडघे गेले होते. मुलगी रेखाताई आणि जावई ठाण्याला राहतात. अधिक महिन्यात जावयाला बोलावून अनारशांचं वाण द्यायचं असतं. ते घ्यायला दोघं येणार आणि महिना संपला की काका-काकूंना कायमचं घेऊन जाणार, असं ठरलं होतं. पुढचा अधिक ज्येष्ठ अकरा वर्षांनी. तेव्हा काका शहात्तर वर्षांचे असतील आणि ठाण्याला असतील. म्हणजे सोनपेठच्या या ओट्यावरचा हा शेवटचाच वाढदिवस, हे सगळ्यांना माहीत होतं.

गुढीपाडव्याला नवं पंचांग घरी आलं. काकांनी त्याला हळद-कुंकू वाहिलं आणि आधी अधिक ज्येष्ठाचं पान उघडलं. एकाच ओळीवरून त्यांनी तीनदा बोट फिरवलं. मग पंचांग मिटलं आणि आत गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी कोंबडा आरवला आणि पुढं काहीच झालं नाही. शांताबाई दारात येऊन उभ्या राहिल्या. कुणी विचारायलाही धजेना. शेवटी काकू बाहेर आल्या. "सप्तमीचा क्षय दाखवलाय. शुक्रवारी सूर्य उगवल्यावर लागती आन शनिवारी उगवायच्या आत संपती. आठ वर्षं थांबले, आन यांची गाडीच रद्द."

ही बातमी ऐकून वामनगुरुजी आले. मारुतीच्या देवळापलीकडे राहणारे, सडपातळ, तपकीर ओढणारे गुरुजी. तालुक्यातले मुहूर्त तेच काढतात. काकांचं आणि त्यांचं गेली वीस वर्षं पटत नव्हतं, आणि एकमेकांवाचून करमतही नव्हतं.

"धोंडीराम, एवढं काय त्यात? क्षय असला तर ज्या दिवशी ती तिथी लागते त्या दिवशी करायचं. शास्त्रात आहे. शुक्रवारी करा."

"शुक्रवारी स्टँडवर षष्ठी हाय."

"असू द्या की."

"गुरुजी, तीस वर्षं मी स्टँडला न आलेली गाडी रजिस्टरात लिहिली न्हाई. मोठमोठ्या लोकांचे फोन आले तरी न्हाई. आता माझ्याच वाढदिवसासाठी लिहू?"

गुरुजींनी तपकिरीची डबी उघडली. मला काकांचा थोडा राग आला होता. इतकी माणसं त्यांच्या वाढदिवसाची वाट बघत होती आणि हे एका ओळीसाठी अडून बसले होते. पण त्यांचा चेहरा बघितला आणि वाटलं, नाही, ते अडून बसलेले नाहीत. त्यांना फक्त खोटा वाढदिवस नको होता. एक जूनचा त्यांच्याकडे आधीच होता.

तीन आठवडे सकाळची घोषणा झाली, पण मरगळलेली. "आज चैत्र वद्य अष्टमी," एवढंच आणि दार बंद.

मग एक दिवस मी परसात अभ्यास करत बसले असताना आतून आरोळी आली. "बीएस्सी! ये बीएस्सी! जल्दी!"

काका पंचांगाच्या अगदी शेवटच्या, बारीक अक्षरांच्या पानावर भिंग धरून बसले होते. "वाच. मोठ्यानं वाच."

मी वाचलं. या पंचांगातले सूर्योदय मुंबईचे आहेत. इतर गावांसाठी पुढील कोष्टकाप्रमाणे मिनिटं कमी-जास्त करावीत.

"आता सांग. आपण मुंबईच्या कोणत्या बाजूला?"

"पूर्वेला."

"म्हंजे सूर्य आदी कुणाला दिसतो?"

"आपल्याला!"

"किती आदी?"

मी कोष्टकात परभणी शोधलं, सोनपेठसाठी एक मिनिट इकडंतिकडं केलं. चौदा मिनिटं. त्या शनिवारी मुंबईचा सूर्योदय सहा वाजून दोन मिनिटांनी. सप्तमी संपणार पाच बावन्नला. मुंबईच्या सूर्याला ती भेटत नव्हती. पण सोनपेठचा सूर्य पाच अठ्ठेचाळीसलाच उगवणार होता.

"चार मिनिटं," मी म्हणाले. "काका, चार मिनिटं सप्तमी उभी आहे."

काका खुर्चीवरून उठले आणि त्यांनी टीव्हीवरची लाल एसटी उचलून चक्क छातीशी धरली. "म्हंजे मी मुंबईच्या स्टँडवर माझी गाडी शोधायलो होतो व्हय!"

दुसऱ्या दिवशीची घोषणा मारुतीच्या देवळापर्यंत ऐकू गेली. गुरुजी धावतपळत आले, कोष्टक बघितलं, नाकावरचा चष्मा वर केला आणि म्हणाले, "गणित ठीक आहे. पण कागदावरचं गणित वेगळं आणि आकाश वेगळं. प्रत्यक्ष बघितल्याशिवाय मी मानणार नाही."

"या की मग शनिवारी गच्चीवर. कोण न्हाई म्हणतंय?"

त्या शनिवारी पहाटे आमच्या गच्चीवर पाय ठेवायला जागा नव्हती. शांताबाई, त्यांची जाऊ, शेजारची चार-पाच घरं, दोन निवृत्त ड्रायव्हर, रेखाताई, झोपेतून उठवलेला जावई, मी, आणि गुरुजी सोवळं नेसून. काकू गुडघ्यांना न जुमानता जिना चढल्या. त्यांच्या हातात ताट होतं, ताटात सहा वाती, अनारसे आणि सुपारी. काकांनी काय आणलं असेल? बैठकीतलं ते गोल घड्याळ. त्यांनी ते भिंतीवरून काढून पाण्याच्या टाकीला टेकवून ठेवलं.

"सगळ्यांनी मोबाइल खिशात. एका स्टँडवर एकच घड्याळ," त्यांनी हुकूम सोडला. गुरुजींसकट सगळ्यांनी ऐकलं. तो आवाजच तसा होता.

पूर्वेला ऊस होता, त्यामागं आभाळ तांबडं व्हायला लागलं. जावई जांभई देणार होता, रेखाताईनं त्याला कोपर मारलं. आणि मग उसाच्या शेंड्यांवर ती लाल कड आली, नखाएवढी.

"आला!" शांताबाई ओरडल्या.

काकांनी घड्याळाकडे पाहिलं. त्यांचा हात खाली आला. "पाच त्रेपन्न," ते म्हणाले. "बावन्नला सुटली. एका मिनिटानं गेली."

माझा हात खिशातल्या मोबाइलवर होता. सूर्य दिसला तेव्हाच मी चोरून बघितलं होतं, पण कंट्रोलरच्या घड्याळासमोर बोलायचं कसं, हे मला सुचेना. मला वाटतं त्या क्षणी गच्चीवरच्या निम्म्या माणसांच्या खिशात खरी वेळ होती आणि कुणाचीच जीभ उचलत नव्हती.

तेवढ्यात काकू हसायला लागल्या. इतक्या हसल्या की ताटातल्या वाती लटपटायला लागल्या.

"अहो कंट्रोलर! हे घड्याळ कुणाचं? डायव्हरांचा चहा आटपायचं घड्याळ हाय ना हे? पाच मिनिटं पुढं! तीस वर्षं दुसऱ्याला फसवलं, आज सोताच फसले व्हय!"

काकांचं तोंड उघडंच राहिलं. आणि सगळ्यात आधी मोबाइल कुणी काढला असेल तर तो वामनगुरुजींनी. सोवळ्याच्या कनवटीतून. त्यांनी तो डोळ्यांपासून लांब धरला आणि काकांच्याच आवाजात, नाकातून पुकारलं, "प्रवाशांनी लक्ष द्यावे! पाच अठ्ठेचाळीस! अधिक ज्येष्ठ शुद्ध सप्तमी फलाटावर उभी आहे!"

पुढची चार मिनिटं मी आयुष्यभर विसरणार नाही. शांताबाईंनी काकांना टोपी घातली, ती उलटी. काकू ओवाळायला पुढे झाल्या तर काडेपेटी खालीच राहिलेली. एका ड्रायव्हरनं लायटर काढला. वारा सुटला, दोन वाती विझल्या, काका ओरडले, "चार लागल्या तरी चालंल, चला!" काकू म्हणाल्या, "सहा म्हंजे सहा!" जावई अनारसा भरवायला गेला आणि काका बोलत असतानाच तो त्यांच्या तोंडात गेला.

"अहो, एवढी घाई कशाला?" गुरुजी म्हणत होते. "उदयाला होती म्हणजे दिवसभर तिचाच मान!"

"मान दिवसभर," काका अनारसा चावत म्हणाले, "गाडी चार मिनिटं! आटपा!"

सहाही वाती लागल्या. काकूंनी ओवाळलं. मग काकांनी वर, उसाच्या दिशेनं बघून हात जोडले आणि ओठांतल्या ओठांत "आये" म्हणाले. मी अगदी जवळ होते म्हणून मला ऐकू आलं. लगेच त्यांनी खिशातून जुनी शिट्टी काढली, गुरुजींच्या मोबाइलवर पाच बावन्न झालेले बघितले, आणि सगळी गल्ली जागी होईल अशी फुंकली. सप्तमी सुटली. एका ड्रायव्हरनं गच्चीच्या कठड्यावर डबल बेल दिल्यासारखे दोन टोले मारले.

अधिक महिना संपल्यावर तीन दिवसांनी काका-काकू निघाले. सकाळी आठची परभणीची एसटी, तिथून रेल्वे. मी स्टँडवर सोडायला गेले होते. सामान वर चढवलं. काकांनी फक्त घड्याळ कुणाला दिलं नाही, मांडीवर घेऊन खिडकीशी बसले.

"बीएस्सी, तिकडं सूर्य चौदा मिनिटं लेट उगवतो म्हणं," ते म्हणाले. "माझं कसं व्हायचं?"

मी म्हणाले, "फोन करा, मी इथला सांगत जाईन."

"रोज सांगशील?"

"रोज."

ड्रायव्हर त्यांच्या हाताखालचा जुना माणूस होता. हातात चहाचा ग्लास घेऊन गाडीजवळ आला, खिडकीत वाकला आणि नेहमीच्या सवयीनं घड्याळाकडे बघितलं. आठ वाजले होते. त्यानं ग्लास घाईघाईनं टपरीवर ठेवला, वर चढला आणि गाडी चालू केली. काका काहीतरी सांगत होते, पण इंजिनाच्या आवाजात ऐकू आलं नाही. गाडी वळताना खिडकीत शेवटचं दिसलं ते एवढंच, की काका हसून हसून चष्मा पुसत होते आणि मांडीवरच्या घड्याळाकडे बोट दाखवत होते.

तेवढ्यात वामनगुरुजी पिशवी घेऊन लगबगीनं आले. रिकाम्या फलाटाकडे बघितलं, मग माझ्याकडे.

"गाडी आठची ना? आता तर सात पंचावन्न झाले."

मी घड्याळाचं सांगितलं. गुरुजी भर स्टँडवर खो खो हसायला लागले. "म्हणजे माझ्यासाठी क्षयच झाली म्हणायची."

हसणं ओसरल्यावर त्यांनी पिशवीतून एक लिफाफा काढला. "हे त्याला द्यायचं होतं. तू पोस्टात टाक. पत्ता आहे ना तुझ्याकडे?"

लिफाफा उघडाच होता. मी त्यांच्याकडे बघितलं, त्यांनी मान हलवली. आत एकच कागद होता, दोन्ही बाजूंनी आकडे, खाडाखोड, पुन्हा आकडे. कित्येक दिवसांचं काम असावं. सगळ्यात खाली दोन ओळी ठळक अक्षरांत होत्या.

"पुढील अधिक ज्येष्ठ, शुद्ध सप्तमी. स्टँड सोनपेठ. सूर्योदयाला उभी आहे, चांगली दोन तास. सावकाश यावे."